पिनबॉलचा गाळा चालवताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्याच्या ‘छोटा व्यवसाय’ सदरात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे पिनबॉलची आहेत आणि सगळी ठाणे-नवी मुंबईतली. पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या लाकडी पटावर, म्हणजे प्लेफिल्डवर, लोखंडी गोळी दोन फ्लिपरांनी, म्हणजे बटण दाबताच उसळणाऱ्या छोट्या दांड्यांनी, उडवत ठेवण्याचा खेळ. पडद्यावरच्या खेळात खराब होण्यासारखे फारसे काही नसते. इथे मात्र २७ मिलिमीटरची, ८० ग्रॅमची गोळी दिवसभर रबर, प्लास्टिक आणि तारांवर आदळत असते. त्यामुळे भाड्याइतकाच, कधी त्याहून जास्त, विचार दुरुस्तीचा करावा लागतो. बहुतेक उत्तरे फिरून तिथेच येतात, ती याचमुळे.

नौपाड्यात तळमजल्यावर १२ बाय २२ फुटांचा गाळा ३८ हजार भाड्याने मिळतो आहे. आठ पिनबॉल यंत्रे आणि एक एअर हॉकी टाकायचा विचार आहे. दर खेळाला पैसे घ्यावेत की तासाला? धंदा जमेल का? (नौपाडा, ठाणे)

आधी टेप लावून बघा. सर्वसाधारण यंत्र गुण दाखवणाऱ्या वरच्या पेटीपाशी २७ ते २८ इंच रुंद, साधारण ५५ इंच खोल आणि सव्वासहा फुटांच्या आसपास उंच असते. दोन यंत्रांमध्ये निदान पाच इंच सोडा, नाहीतर खेळणाऱ्यांची कोपरे एकमेकांना लागतात. म्हणजे एका यंत्राला पावणेतीन फूट भिंत लागली. २२ फुटांच्या भिंतीवर सहा यंत्रे साडेसोळा फुटांत बसतात. उरलेल्या साडेपाच फुटांत काउंटर आणि दुरुस्तीचे टेबल. खोलीच्या दिशेने यंत्राचे साडेचार फूट आणि उभे राहायला तीन फूट धरले की बारापैकी साडेचार फूट जायला-यायला राहतात. समोरच्या भिंतीवर दुसरी रांग घातली तर दोन्हीकडच्या खेळणाऱ्यांना मिळून तीन फूटही उरत नाहीत. तेव्हा आठ नाही, सहाच. एअर हॉकीला जागा नाही. दुरुस्तीचे टेबल काढून ती जागा करायचा मोह होईल, पण तो टाळा. यंत्राची काच पुढच्या बाजूने सरकवून काढावी लागते आणि ती ४३ इंच लांब असते. ती सुरक्षित ठेवायलाही जागा लागतेच.

आता महिन्याचा हिशेब. आम्ही धरलेले आकडे असे, तुमचे वेगळे असतील तर बदलून घ्या: आठवड्याला एक दिवस बंद, म्हणजे २६ दिवस, रोज नऊ तास. सहा यंत्रांना सरासरी २०० वॉट धरले तर दिवसाला ११ युनिट, दीड टनाच्या एसीला तेवढेच, दिवे-पंख्यांना दोन. रोजचे २४, महिन्याचे सुमारे ६२५ युनिट. व्यावसायिक दराने सगळे आकार धरून १५ रुपये युनिट पकडले तर ९,४०० रुपये. भाडे ३८,०००. एका मदतनिसाचा पगार १८,०००. सुटे भाग यंत्रामागे १,५०० प्रमाणे ९,०००. विमा, इंटरनेट, सीए, सफाई मिळून ६,०००. बेरीज ८०,४००. यंत्रे सरासरी चार लाखांना पडली आणि दहा वर्षांत किंमत वसूल करायची म्हटले तर दरमहा आणखी २०,००० बाजूला ठेवायला हवेत. झाले १,००,४००. माणशी तासाला २०० रुपये घेतले तर महिन्याला ५०२ तास विकले गेले पाहिजेत. मधल्या वारी रोज १० आणि शनिवार-रविवारी रोज ४० तास विकले की खर्च जेमतेम निघतो.

यात तुमचा स्वतःचा पगार नाही. बहुतेक जण हाच आकडा विसरतात आणि दोन वर्षांनी थकून गाळा सोडतात. स्वतःला ३०,००० धरा. मग मधल्या वारी १४ आणि सुट्टीच्या दिवशी ५० तास लागतात. शनिवार-रविवार नौपाड्यात, स्टेशन आणि तलावपाळी जवळ असताना, जमण्यासारखे आहे. कस लागेल तो मंगळवार-बुधवारचे १४ तास भरायला. त्यासाठी दुपारी कॉलेजच्या मुलांना कमी दर, नियमित खेळणाऱ्यांना मासिक पास, आणि महिन्यातून दोन संध्याकाळी स्पर्धा. वाढदिवसासाठी दोन तास पूर्ण गाळा देणे हा सर्वांत खात्रीचा धंदा. एका वेळी बारा मुले घ्या, त्याहून जास्त नको.

पैसे तासाला घ्या, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. नवख्याचा पूर्ण खेळ दोन मिनिटांत आटोपतो. प्रत्येक खेळाला ३० रुपये मोजणारा माणूस दहा मिनिटांत दीडशे घालवून चिडून बाहेर पडतो आणि परत येत नाही. यंत्र ‘फ्री प्ले’वर ठेवले की नाण्याची यंत्रणा सांभाळण्याचे कामही वाचते. तासाप्रमाणे रंग बदलणारी कागदी मनगटपट्टी पुरते. गर्दी असेल तेव्हा एकच नियम: मागे कोणी उभे असेल तर एक खेळ संपल्यावर यंत्र सोडायचे.

सुरुवात मात्र चारच यंत्रांनी करा. सहांपैकी दोन बंद पडलेली दिसण्यापेक्षा चारही चालू दिसलेली बरी. ‘बंद आहे’ ही पाटी लोक लक्षात ठेवतात.

अमेरिकेतून १९९०च्या दशकातली दोन यंत्रे आणायची आहेत. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा. बाहेर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झाले का? (वाशी)

चालते, पण त्या काळातल्या बऱ्याच यंत्रांना त्याची गरज नसते. त्यांच्या आतल्याच ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्टसाठी वेगळी जोडणी असते. एक जंपर-प्लग बदलायचा, तो कसा ते मॅन्युअलमध्ये असते. जंपरबरोबर आणखी दोन गोष्टी बदलाव्या लागतात आणि त्याच राहून जातात. पहिली, स्विचजवळच्या पेटीतला व्हॅरिस्टर, म्हणजे वाढीव व्होल्टेज झेलणारा भाग. १२० व्होल्टच्या यंत्रात तो १३० किंवा १५० व्होल्टचा असतो. २३० वर तो पहिल्याच क्षणी फुटतो, त्या जागी २७५ व्होल्टचा हवा. दुसरी, मुख्य फ्यूज. २३० वर करंट निम्म्याच्या आसपास येतो, म्हणून फ्यूजही लहान लागतो. किती, ते यंत्रावरच्या किंवा मॅन्युअलमधल्या तक्त्यात दिलेले असते. जुनाच मोठा फ्यूज ठेवला तर यंत्र चालेल, पण बिघाड झाला की फ्यूजच्या आधी वायर तापेल.

बाहेरचा स्टेप-डाउन वापरायचाच असेल तर यंत्रामागे निदान ७५० व्हीएचा घ्या आणि त्यात अर्थिंग यंत्रापर्यंत पोचते का ते मीटरने तपासा. बाजारातल्या स्वस्त दोन-पिन कन्व्हर्टरमध्ये अर्थिंग तुटते. यंत्राचे पाय, दार, कडेच्या पट्ट्या सगळे धातूचे आहे आणि त्यावर मुलांचे हात असतात. नाण्याच्या दारापासून प्लगच्या अर्थ-पिनपर्यंत एक ओहमपेक्षा कमी रोध आला पाहिजे. तीन-तीन यंत्रांना एक सर्किट, त्यावर सी-कर्व्ह एमसीबी आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की पुरवठा तोडणारा स्विच. बी-कर्व्ह एमसीबी ट्रान्सफॉर्मर चालू होतानाच्या धक्क्याने विनाकारण पडतो. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ही यंत्रे चालवू नका.

पुरवठ्याची ५० हर्ट्झ वारंवारिता इलेक्ट्रॉनिक यंत्रांना सहसा त्रास देत नाही. १९७०च्या दशकातले, गुण फिरत्या रिळांवर दाखवणारे, पूर्ण विद्युत-यांत्रिक यंत्र घेतलेत तर त्याची गुण मोजणारी मोटर मात्र सहाव्या हिश्श्याने हळू फिरेल. खेळ बिघडत नाही, आवाजाची लय बदलते.

माल न्हावा-शेव्याला उतरेल, ही तुमची सोय. वरची पेटी दुमडून, पाय काढून, यंत्र उभे करून पॅलेटवर बांधायला सांगा. पॅलेटच्या लाकडावर प्रक्रिया केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवाच. जुन्या मालाच्या आयातीचे नियम नव्या मालापेक्षा वेगळे आहेत. त्यामुळे पैसे पाठवण्याआधी कस्टम्स ब्रोकरकडून वर्गीकरण, परवानगी आणि शुल्क लेखी घ्या. यंत्र बंदरात अडकले की रोज साठवणभाडे चढते आणि ते यंत्राच्या किमतीला लवकर गाठते.

१९८०च्या आसपासच्या यंत्राचा डावा फ्लिपर तासाभराने मऊ पडायचा. मग वास येऊन कॉइल जळाली. मोटर-वाइंडिंगवाल्याकडून ती भरून घेतली, आता फ्यूज उडतो. चूक कुठे झाली? (ऐरोली)

या पत्राचे उत्तर नीट वाचा, कारण जुन्या यंत्रांच्या तक्रारींत फ्लिपर सर्वांत वर असतो.

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वळणे, म्हणजे तारेची दोन वाइंडिंग, असतात. जाड तारेचे वळण फटका मारते, बारीक तारेचे वळण फ्लिपर वर धरून ठेवते. तुमच्या काळच्या यंत्रात फ्लिपर पूर्ण वर गेला की टोकाचा स्विच, ज्याला एंड-ऑफ-स्ट्रोक म्हणतात, उघडतो आणि दोन्ही वळणे एकामागे एक जोडली जातात. करंट एकदम खाली येतो. हा स्विच उघडलाच नाही तर जाड वळणावर ४३ व्होल्ट आणि सुमारे १० अँपियर तसेच राहतात. म्हणजे हाताच्या मुठीएवढ्या कॉइलमध्ये ४०० वॉटच्या वर उष्णता. कोणी बटण दाबून धरले की काही सेकंदांत वास येतो. तुमची कॉइल बहुधा अशीच गेली. फ्लिपर वर असताना स्विचच्या पात्यांत साधारण तीन मिलिमीटर फट दिसली पाहिजे. उलट दोष असेल, म्हणजे पाती काळी पडून मिटतच नसतील, तर फ्लिपर पहिल्या खेळापासूनच दुबळा राहतो.

तासाभराने मऊ पडण्याचे कारण तांबे. एका अंशाला तांब्याचा रोध ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉइल साठ अंशांनी तापली की रोध जवळपास पाव हिश्श्याने चढतो, करंट घटतो, आणि ओढ तर करंटपेक्षाही वेगाने पडते. थोडे तापणे स्वाभाविक आहे. तासात मऊ पडण्याइतके तापणे म्हणजे आत घर्षण आहे. कॉइलमधली नायलॉनची नळी, म्हणजे स्लीव्ह, काढून बघा. आत काळी रेघ किंवा खाच दिसली तर ती फेकून द्या. प्लंजरचे, म्हणजे कॉइलमध्ये ओढल्या जाणाऱ्या लोखंडी दांड्याचे, टोक ठोके खाऊन छत्रीसारखे पसरते आणि स्लीव्हला घासते. प्लंजरला शेवटी अडवणारा कॉइल स्टॉप सैल किंवा झिजलेला असतो. या तिन्ही गोष्टी एकदमच बदला. सोबत प्लंजरला फ्लिपरशी जोडणारी लिंक, स्प्रिंग, टोकाचा स्विच आणि दांड्याचे बुशही. दोन्ही बाजूंचे काम सवयीच्या हाताला दीड तासाचे आहे. बसवताना फ्लिपर वर-खाली पाऊण मिलिमीटर हलला पाहिजे. अजिबात हलत नसेल तर तो पटाला घासतो.

आता फ्यूज. तो बटण दाबताक्षणी उडतो की थोड्या खेळानंतर, हे बघा. ताबडतोब उडत असेल तर डायोड उलटा लागला आहे. कॉइलच्या टोकांवर वन एन ४००४ डायोड असतात, वाइंडिंगवाला ते काढतो आणि परत लावताना दिशा चुकते. पट्ट्याची बाजू पुरवठ्याच्या अधिक टोकाकडे हवी. थोड्या वेळाने उडत असेल तर तारेची जाडी चुकली आहे. कॉइलवरच्या कागदावर ‘२५-५००/३४-४५००’ असे काही छापलेले असते. म्हणजे २५ गेजचे ५०० वेढे आणि ३४ गेजचे ४,५०० वेढे. हे गेज अमेरिकन आहेत. आपल्याकडचे वाइंडिंगवाले ब्रिटिश एसडब्ल्यूजी मोजतात. अमेरिकन २५ म्हणजे ०.४५५ मिलिमीटर, आपले २५ म्हणजे ०.५०८. तार जाड झाली, रोध २० टक्क्यांनी उतरला, करंट २५ टक्क्यांनी चढला. ३४ च्या बाबतीत फरक आणखी मोठा: तिकडचे ०.१६ आणि आपले ०.२३ मिलिमीटर. म्हणून गेज बोलूच नका, मिलिमीटर सांगा. जाड वळणाला आपली २६ नंबरची तार जवळपास तंतोतंत जुळते आणि बारीक वळणाला ३८ नंबरची चालते. कॉइल हातात आल्यावर मीटर लावा: जाड वळण ४ ओहमच्या आसपास यायला हवे.

फ्यूज मोठ्या आकड्याचा घालून यंत्र चालवू नका, एक दिवससुद्धा नाही.

एक गोष्ट हत्यारांची. ही यंत्रे इंचांच्या मापाची आहेत. १/४, ५/१६, ११/३२ आणि ३/८ चे सॉकेट आणि ५/३२ ची ॲलन की घ्या. मिलिमीटरची चावी ‘जवळपास बसते’ म्हणून वापरली की स्क्रूचे डोके गोल होते. डायोड, फ्यूज, कनेक्टर लॅमिंग्टन रोडला मिळतात. स्लीव्ह, लिंक, कॉइल स्टॉप आणि फ्लिपरची रबरे बाहेरूनच मागवावी लागतात, म्हणून एकदम वर्षभराची मागवा. सहा यंत्रांना २४ स्लीव्ह, १२ प्लंजर-लिंक, १२ कॉइल स्टॉप आणि फ्लिपर रबराचे ४० नग ठेवलेत की शनिवारी संध्याकाळी यंत्र बंद ठेवायची वेळ येत नाही.

पावसाळ्यात रबरे चिकट होतात, पायांना गंज चढतो, आणि एका यंत्राचा बोर्ड हिरवा पडला आहे. काय करू? (खारघर)

हिरव्या बोर्डापासून सुरुवात करा, आजच. तो गंज बहुधा पावसाचा नाही, बोर्डावरच्या सेलचा आहे. सेटिंग आणि उच्चांक लक्षात ठेवण्यासाठी या बोर्डांवर तीन एए सेल असतात, त्याहून जुन्यांवर जोडून टाकलेली निकेल-कॅडमियम बॅटरी. ती गळते आणि तांब्याच्या रेषा खाते. बॅटरी काढा, डाग पडलेल्या भागावर पांढरे व्हिनेगर हलक्या ब्रशने लावा (गळलेला द्रव अल्कधर्मी असतो), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवा. त्यानंतर सेल बोर्डावर परत ठेवू नका. वायरने बाहेर काढून पेटीच्या तळाशी प्लास्टिकच्या खोक्यात ठेवा, किंवा बॅटरी न लागणारी मेमरी चिप बसवून घ्या. सेल दर वर्षी बदलायचे, त्यावर तारीख लिहायची.

हवेतली आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत ठेवा. दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीवर लावला की अंदाज येतो. दिवसभर एसी आणि रात्री बंद गाळ्यात दमट हवा हा खेळ लाकडी पटाला सोसत नाही, पट फुगतो आणि आतली रंगीत भिंगे वर उचलतात. रात्री छोटा डीह्युमिडिफायर चालू ठेवा. नैसर्गिक रबराऐवजी सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनच्या रिंगा घाला, त्या चिकट होत नाहीत आणि काळी भुकटीही सोडत नाहीत. पायांखाली रबरी वाट्या ठेवा आणि फरशी ओल्या फडक्याने नाही, पिळून घेतलेल्या फडक्याने पुसायला सांगा. पटावर पाणी किंवा घरगुती क्लीनर कधीही नको. कोरडा मऊ कपडा, महिन्यातून एकदा पॉलिश, वर कार्नोबा मेण. गोळी नखाने चाचपा. ओरखडा लागला तर बदला, कारण खरखरीत गोळी सगळा पट घासून काढते. बेअरिंगच्या दुकानात त्याच मापाची गोळी मिळते, पण तिचे पोलाद चुंबकत्व धरून ठेवते. ज्या यंत्रांत चुंबक आहेत त्यांत अशा गोळ्या एकमेकींना चिकटून बसतात.

हा जुगार समजून पोलीस त्रास देतील का? परवाने कोणते? (कोपरी, ठाणे)

पैसे किंवा पैशांत बदलता येणारे बक्षीस देऊ नका, मग तुमची बाजू भक्कम राहते. महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ ने निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळले आहेत. न्यूयॉर्क शहराने हाच खेळ १९४२ साली नशिबाचा ठरवून बंद केला होता, आणि तो १९७६ मध्ये खुला झाला. तिथे रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या समितीसमोर यंत्रावर प्रत्यक्ष खेळून, गोळी कुठे जाणार ते आधी सांगून दाखवले होते. फ्लिपर १९४७ साली आले, त्यामुळे बंदी घातली तेव्हाचे यंत्र फ्लिपरशिवायचे होते.

मोजकेच कामगार असतील तर २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. सेवेच्या धंद्याला जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीवर. करमणुकीच्या परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक शाखा, पोलीस आयुक्तालय आणि महापालिकेचा अग्निशमन विभाग या तिन्ही ठिकाणी लेखी अर्ज करून उत्तर घ्या. भाडेकरार नोंदवलेलाच हवा. त्यात ‘खेळयंत्रे चालवणे’ हा उपयोग स्पष्ट लिहून घ्या, आणि सोसायटीच्या इमारतीत असाल तर ना-हरकत पत्र आधी. यंत्राचा ठोका भिंतीतून वरच्या मजल्यावर ऐकू जातो.

मुले दोन गोळ्या घालवतात आणि मोबाइल काढतात. खेळ सोपा करता येतो का? (नेरूळ)

येतो, अर्ध्या तासाचे काम आहे. मागचे पाय थोडे खाली घेऊन पटाचा उतार साडेसहा अंशांवरून सहावर आणा, गोळी हळू येते. उतार मोबाइलच्या ॲपने मोजायचा तर मोबाइल पटावर ठेवा, काचेवर नको, कारण काचेचा उतार वेगळा असतो. आडवी पातळीही बघा, नाहीतर गोळी एकाच बाजूने जाते. दोन्ही कडांच्या आउटलेनपाशी, म्हणजे गोळी बाहेर पडते त्या वाटेपाशी, रबर लावलेला खांब असतो. पुष्कळ यंत्रांत त्याला दोन-तीन भोके दिलेली असतात, तो सर्वांत अरुंद जागी बसवा. मेनूत ‘बॉल सेव्ह’ १५ ते २० सेकंद करा, म्हणजे सुरुवातीला पडलेली गोळी परत मिळते. टिल्टचा, म्हणजे यंत्र जास्त हलवले की गोळी बाद करणाऱ्या यंत्रणेचा, लोलक थोडा सैल ठेवा, मुले यंत्र हलवतातच.

मग शेजारी उभे राहून दोनच गोष्टी शिकवा: दोन्ही फ्लिपर एकदम मारायचे नाहीत, आणि येणारी गोळी उचललेल्या फ्लिपरवर थांबवून मग नेम धरायचा. ज्या मुलाला गोळी थांबवता आली ते मूल तासभर हलत नाही. एक यंत्र मात्र कठीणच ठेवा, महिन्याभराने तेच मूल त्याच्यापाशी जाईल.